तीस नंबरची तार

एप्रिलमध्ये हिंगण्याच्या एमआयडीसीत
कोणी कोणाशी गोड बोलत नाही.
अख्ख्या नागपूरला एकाच आठवड्यात आठवतं
की गेल्या वर्षी कूलर घरघरत होता.
आमच्या शेडमध्ये मोटारींची रास लागते,
वॉर्निशच्या भट्टीचा वास डब्यातल्या पोळीलाही येतो,
आणि मी, वय एकोणतीस, पद सुपरवायझर,
हातात पॅड घेऊन
धोंडबाजी हेडाऊंच्या पाठीमागे उभी असते.

वय त्यांचं आमच्या फॉर्मवर चौसष्ट,
आधारवर एकसष्ट.
स्वतः म्हणतात, "पूर आला त्या साली मी चालत होतो."
कुठला पूर, ते सांगत नाहीत.

मालकांनी यंदा नवा कागद पाठवला आहे.
वेग. हजेरी. नवीन मशीन शिकण्याची तयारी.
शेवटी एक लांब रकाना: शिफारस.
त्यात काय लिहायचं
ते मालकांनी फोनवर आधीच सांगून टाकलंय,
"अर्धा दिवस, अर्धा पगार. तू समजावून सांग, तुझं ऐकतात."

सोमवारी कळमेश्वरहून पाच मोटारी परत आल्या, जळक्या.
उघडून पाहिल्या.
वेढे मोजून बरोबर,
एकाशेजारी एक, चापून वेणी घातल्यासारखे.
फक्त तीसच्या जागी एकतीस नंबरची तार.
"माझं असेल मॅडम," रोशन म्हणाला.
त्याचं नव्हतं.
त्याला असे वेढे अजून येत नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी स्टुलावर चढून
त्यांच्या टेबलावरची ट्यूबलाइट साखळीच्या सहा कड्या खाली घेतली.
हात झटकले. बरं वाटलं.
बसमध्ये वाडीपर्यंत स्वतःवर खूश होते.

सकाळी ते बसले नाहीत.
टेबलापाशी उभे, मान वर.
"दिवा कोणं खाली केला?"
मशीनं चालू होती, तरी ऐकू गेलं सगळ्यांना.
मी हो म्हणाले.
"माह्या डोक्यावर दिवा टांगला
अन् मलेच इचारलं नाही?
तोंड दिलं ना मले देवानं."

पॅडवर अशा वेळी लिहायला काही नसतं.
मी दुसरं स्टूल ओढलं,
पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसले, मागे नाही.
"काकाजी, दिसतं का?"

बराच वेळ ते बोटाला चिकटलेलं वॉर्निश सोलत राहिले.
"दुपारपावतर दिसते.
चार वाजले का तीस अन् एकतीस
जुळे भाऊ होऊन जातात."
मायक्रोमीटर देऊ का, मी विचारलं.
"त्याचे आकडे तारेहून बारीक, बाई."
मग हसले, पण मला हसायची परवानगी नव्हती त्यात.
"मेयोत दाखवलं. मोतीबिंदू म्हणतात.
सीझन झाला का करतो म्हणलं.
सीझनमंदी सुटी घेतली
तं तुम्ही माणूस बदलून टाकता."

हे खरं होतं. मागच्या वर्षी असंच
दौलत शेंदरेंच्या जागी मीच माणूस ठेवला होता.

"बारीक तार सकाळी दे.
चारनंतर जाड दे, पंपाची,
नाहीतं ह्या पोट्ट्यांचे वेढे तपासायले दे,
त्याले डोळे लागत नाहीत, बोट पुरते."
थांबले.
"अन् पगार?"

तोच, म्हणाले मी.
ते म्हणायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता.
त्यांनाही ते माहीत असावं,
कारण आभार मानले नाहीत.
स्टुलावर चढले, कोणाचा हात न घेता,
आणि दिवा वर घेतला.
एकच कडी.

फळ्यावर मी खडूने नवीन वेळा लिहिल्या.
दहाला तर्री-पोहे आले, रोशनने पहिली प्लेट तिकडे नेली.
शिफारशीचा रकाना अजून कोरा आहे.
मालकांचा फोन साधारण बाराला येतो.
साडेअकरा झालेत.
तीस नंबरचं रीळ फिरतंय.